मेंढरांसाठी म्हणून घेतलेलं यंत्र

२०२३ साल. आधार कार्डावर मी अडुसष्ट वर्षांचा होतो आणि माझ्या आईच्या सांगण्यानं बहात्तरचा. मी आईचं धरतो. आधार कार्डवाला माझ्या जन्माला हजर नव्हता, आई होती.

त्या वर्षी दिवाळी सरल्यावर एका सोमवारी संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरनं माझ्या बायकोच्या घशात नळी घालून बघितलं आणि मला बाहेर बोलावलं. बायको मागोमाग आली. डॉक्टर म्हणाला, "आजी, तुम्ही आत बसा." ती म्हणाली, "घसा माझा हाय का ह्यांचा?" मग त्यानं दोघांनाही सांगितलं. गाठ वाईट आहे. स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, गळ्याला भोक ठेवू, त्यातून श्वास घेता येईल. पण आवाज राहणार नाही. पुढच्या सोमवारी भरती व्हा.

"अजिबात न्हाई?" मी विचारलं.

"काही जण नंतर शिकून थोडंफार बोलतात. पण हा आवाज नाही. हवा असेल तर घरी भरून ठेवा. आणि आजी, तोवर ओरडायचं नाही."

बायको म्हणाली, "मग मेंढरं कशी यायची?"

डॉक्टरला ते कळलं नाही, म्हणून सांगतो. आमचं गाव आष्टी तालुक्यात, कड्याच्या पुढं, डोंगराच्या अंगाला. साठ मेंढरं, दहा-बारा शेळ्या आणि पोटापुरती कोरडवाहू जमीन. मेंढरं मी राखतो असं गाव म्हणतं, पण मेंढरं ऐकतात तिचं. ती बांधावर उभी राहून कानाशी हात नेते आणि एक लांब हाक मारते, शेवटाला वर चढत जाणारी. समोरच्या उतारावरनं सगळा कळप तोंड फिरवतो. मी चाळीस वर्षं हाका मारतोय. माझ्या हाकेला मेंढरं मान वर करतात, मीच आहे असं बघतात, आणि परत चरायला लागतात.

परत येताना एसटीत ती खिडकीशी बसली होती. आष्टी येईपर्यंत बोलली नाही. मी मनात म्हणालो, आत्तापासूनच कशाला गप बसतीस. पण बोललो नाही. मला तसं बोलता येत नाही.

आवाज भरून ठेवायचा हे मी तिथंच ठरवलं होतं. मोबाईलमध्ये नाही. माझा थोरला भाऊ वारला तेव्हा त्याचं बोलणं माझ्या पोराच्या मोबाईलमध्ये होतं. मला एक निरोप दिला होता त्यानं, दोन वाक्यांचा, त्यात एक शिवी. मोबाईल बिघडला, पोरानं दुकानात दिला, आणि तो कोरा होऊन परत आला. त्या शिवीसाठी मी बाभळीखाली बसून रडलोय. म्हणून मला असं यंत्र पाहिजे होतं ज्याचं काम एकच. आवाज घ्यायचा आणि सांभाळायचा.

बुधवारी बीडला गेलो. एसटी स्टँडपासून थोडं चालत गेलं की विजेच्या सामानाची दुकानं आहेत. तिसऱ्या दुकानात सापडलं. पोलिसाच्या शिट्टीसारखं काळं, जरा मोठं. वरच्या टोकाला बारीक जाळीच्या दोन खिडक्या.

दुकानदार म्हणाला, "काका, कशासाठी पाहिजे?"

"मेंढरांसाठी."

तो हसला नाही, ह्याचं मला अजून बरं वाटतं. म्हणाला, "बसा, चालवायचं दाखवतो."

"कशाला? साठातलं एक मेंढरू कमी झालं तर मला न मोजता कळतं. ही डबी कळणार न्हाई व्हय?"

"कळंल की. पण पाच मिनिटं..."

"गाडी चुकंल." गाडीला अजून पाऊण तास होता. मी यंत्र, दोन पेन्सिल सेल, नखाएवढं मेमरी कार्ड आणि कानात घालायची वायर घेऊन निघालो. आज त्या माणसाच्या दुकानावरनं गेलो तर रामराम करतो. त्याला आठवत नाही, पण तो करतो.

आता घरातल्या एका रीतीबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं समजायचं नाही.

माझा मुलगा ट्रकवर असतो, महिन्यातनं चार दिवस घरी. घरात आम्ही तिघंच, मी, बायको आणि सून. सून बारावी शिकलेली. आमच्यात सून सासऱ्याशी तोंडानं बोलत नाही. आता बऱ्याच घरांत ते सुटलंय, आमच्या घरात सुटलं नव्हतं. ती जे काही बोलायची ते सासूला उद्देशून, आणि सासू ते मला सांगायची. तिघं चार हातांच्या खोलीत बसलेलो, मला सगळं ऐकू येतंय, तरी निरोप फिरायचा. अकरा वर्षं माझी बायको आमच्या दोघांमधली टपालवाली होती.

बुधवारी संध्याकाळी मी सेल घालायला बसलो.

सून चुलीपासनं म्हणाली, "आत्या, मामांना म्हणावं सेल उलटे बसलेत. सपाट बाजू स्प्रिंगकडं."

"ऐकलं का," बायको मला म्हणाली, "सपाट बाजू स्प्रिंगकडं म्हणती."

"तिला म्हणावं मला दिसतंय."

"दिसतंय म्हणतेत."

सेल फिरवून बसवले आणि यंत्राची काच उजळली.

तेवढ्यात बायकोनं विचारलं, "पण हे घेतलं कशाला?"

"मेंढरांसाठी. तुझी हाक भरून ठेवायची."

"माझी हाक. मला इचारलंत?"

खरंच विचारलं नव्हतं. दुसऱ्याचं मेंढरू हाकताना विचारतो आपण, आणि माणसाचा आवाज घेताना नाही. पन्नास वर्षांच्या संसारात मी तिला फारसं काही विचारलं असेल असं मला आठवत नाही. म्हणालो, "भरू का?"

"भरा," ती म्हणाली. "पण नीट भरा. पुन्हा पुन्हा मागायचा न्हाई."

गुरुवारी सकाळी पूजा केली. नवी वस्तू घरात आली की हळद-कुंकू लावल्याशिवाय ती वापरायची नाही, मग ती पाण्याची मोटर असो की कात्री. पाटावर यंत्र ठेवलं. बायकोनं ताटात हळद-कुंकू कालवलं, ओलं.

"कपाळाला लाव," मी म्हणालो.

"ह्याचं कपाळ कुठलं?"

"वरचं. त्या दोन खिडक्या."

चुलीपासनं आवाज आला, "आत्या, तिथं नको म्हणावं. तिथनं आवाज आत जातो. मागं लावा, पाठीला."

"तिला म्हणावं," मी म्हणालो, "ट्रॅक्टरला कुंकू म्होरनं लावतेत का मागनं? देवाला कुणी पाठीला लावलंय का?"

बायकोनं दोघांकडं बघितलं आणि माझं ऐकलं. दोन्ही जाळ्यांवर बोटभर कुंकू, वर हळद, वर तांदूळ. यंत्र नवरदेवासारखं दिसायला लागलं. मला लई बरं वाटलं.

दुपारी आम्ही डोंगराला गेलो. कळप पलीकडच्या अंगाला चरत होता. मी कानात वायर घातली, यंत्र पुढं धरलं, आणि गोल बटण दाबलं. तांबडा दिवा लुकलुकायला लागला. कानात वारा ऐकू आला, तिच्या बांगड्या ऐकू आल्या. घोंगडीखालनं आल्यासारखं जरा दबलेलं होतं, पण माझे कान म्हातारे आहेत, म्हणालो कानांचंच असेल.

"मार हाक."

तिनं मारली. डॉक्टरनं नको म्हणलेलं, तरी मारली. मी म्हणालो अजून एकदा. मग पाणी पाजायला नेतानाची वेगळी, कोकरांना आयांकडं सोडतानाची वेगळी, कुत्रा दिसल्यावरची वेगळी. तिला इतक्या हाका येतात हे मला तरी कुठं ठाऊक होतं? ती एकेक मारत गेली आणि मी मान हलवत गेलो. दिवा लुकलुकत होता. सगळी दुपार. शेवटच्या हाकेला आवाज मधेच फाटला. ती बांधावर बसली आणि हातानं बास म्हणाली.

संध्याकाळी घरी येऊन मी ऐकवायला बसलो. ह्या बटणाला दाबलं, त्या बटणाला दाबलं. काचेवर काहीतरी यायचं आणि जायचं. एका जागी आडवा प्रश्न आला, इंग्रजीत. मी 'होय' दाबणार, तेवढ्यात सून ताट ठेवायला आली आणि तिनं वाकून बघितलं.

"आत्या, मामांना म्हणावं ते दाबू नका. ते सगळं पुसू का असं इचारतंय."

मी हात मागं घेतला.

बायकोनं निरोप सांगायला तोंड उघडलं. तिच्या तोंडातनं आवाजच निघत नव्हता. सुनेनं सासूकडं बघितलं, माझ्याकडं बघायचं नाही म्हणून पुन्हा यंत्राकडं बघितलं. खाली बसली, बोटानं दोन बटणं दाबली, आणि हळू म्हणाली, "आत्या, यात काहीच न्हाई."

"कसं न्हाई? दिवा लागलेला. मी कानानं ऐकलंय."

"लुकलुकत होता का थिर होता, इचारा."

"लुकलुकत होता," मी सरळच बोलून गेलो.

"मग ते नुसतं ऐकत होतं, आत्या. पहिल्यांदा दाबलं की यंत्र तयार होतं. दुसऱ्यांदा दाबलं की लिहायला लागतं. दिवा थिर झाला आन् आकडे पळायला लागले तरच खरं."

मला वाटलं होतं तो दिवा काळजासारखा धडधडतोय, म्हणजे जिवंत आहे. मी सगळी दुपार तिचा आवाज एका कानानं ऐकला आणि वाऱ्यावर सोडून दिला.

शुक्रवारी तिला बोलता येईना. आत घरघर व्हायची आणि पुढं काही नाही. संभाजीनगरच्या डॉक्टरला फोन लावला, तो म्हणाला, दोन दिवस एक शब्द बोलू देऊ नका, कोमट पाणी द्या, कदाचित थोडा परत येईल. कदाचित, म्हणाला. सोमवारी भरती व्हायचं होतं.

मला त्या दिवशी जेवण जाईना. बायकोनं ताट पुढं सरकवलं, मी मागं सरकवलं. तिनं पुन्हा पुढं सरकवलं आणि डोळे वटारले. मग खाल्लं.

आणि घरात एक नवीनच अडचण झाली. टपालवाली मुकी. सुनेला मला काही सांगायचं तर कुणाला उद्देशून सांगणार? शनिवारी सकाळी मी यंत्र घेऊन ओट्यावर बसलो होतो. आईनं टाकलेलं एक कोकरू आमच्याकडं होतं, सून त्याला बाटलीनं दूध पाजायची. ती त्याला घेऊन दारात बसली आणि म्हणाली,

"कोकरा, मामांना सांग, आधी बाजूची बारीक पट्टी खाली करा. ती वर हाय म्हंजे कुलूप हाय, कुठलंच बटण लागायचं न्हाई."

मी पट्टी खाली केली. म्हणालो, "कोकरा, तिला सांग, मला ठाव हुतं."

"कोकरा, सांग, आधी आपल्याच आवाजावर तपासून घ्यावं. आत्याचा आवाज आता तपासण्यात घालवायचा न्हाई."

कोकरू दूध पीत होतं. आत खाटेवर बायको पडली होती, तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडते. बघितलं तर आवाजाशिवाय हसत होती.

मी एकदा दाबलं, दिवा लुकलुकला. दुसऱ्यांदा दाबलं, थिर झाला. आकडे पळायला लागले. मी काय बोलावं ते सुचेना, म्हणून मेंढरांची नावं घेतली. मग थांबवलं, आणि ऐकलं. आवाज होता. पण कसा? विहिरीत बसून कुणी गोधडीतनं बोलतंय असा.

"कोकरा," सून म्हणाली, "सांग, कुंकू."

बघितलं तर ओलं कुंकू वाळून जाळीत घट्ट बसलेलं, वर एक तांदूळ चिकटलेला. मी रागानं उठलो. राग कुणावर, ते मलाच ठाऊक. म्हणालो, "एवढंच ना? आत्ता धुऊन काढतो," आणि हौदावर जाऊन यंत्र नळाखाली धरणार,

"मामा! पाणी नका लावू!"

हात जागीच राहिला. नळ उघडा, पाणी खाली पडतंय, यंत्र वर कोरडं. मी मागं वळलो. सून दारात उभी होती, पदर खांद्यावर उतरलेला, बाटली हातात, आणि तोंड असं झालेलं की जणू तिनंच काहीतरी फोडलंय.

अकरा वर्षांत पहिल्यांदा ती मला बोलली होती.

माझ्या ध्यानात आलं की तिचा असा मोकळा आवाज मी ह्याआधी एकदाच ऐकलाय, माझ्या मुलाच्या लग्नात. तिच्या माहेरी मंडप-माइकचा धंदा. तिच्या बापानं हौसेनं स्वतःचा माइक लावला होता आणि तो सारखा किंचाळत होता. ही नवरी असून उठली, जाऊन काहीतरी फिरवलं आणि वडलांना म्हणाली, "अण्णा, आता बोला." माइक गप झाला. आणि मी सोयऱ्यांत बसून मोठ्यानं म्हणालो होतो, "पोरगी तरी ह्या माइकासारखी निघू नये म्हंजे झालं." लोक हसले होते. मीही हसलो होतो.

मला वाटायचं ती रीतीनं गप आहे. हौदापाशी उभं राहून मला पहिल्यांदा वाटलं, निम्मी रीत असेल आणि निम्मा मी असेन.

मी नळ बंद केला. यंत्र तिच्यापुढं धरलं. म्हणालो, "तूच दाखव. मला. कोकराला नको."

तिनं बाटली बाजूला ठेवली. मग बसली, आणि मी समोर बसलो. आधी तिनं यंत्र बंद केलं. मग सेल आणि कार्ड बाहेर काढले. म्हणाली, साफ करताना आत वीज नको. मग विचारलं, "मामा, तुमचा दाढीचा जुना बुरूश हाय का? कोरडा?" आणून दिला. तिनं यंत्र पालथं धरलं, जाळी जमिनीकडं, आणि बुरशानं अलगद झाडत गेली. मी वाकून फुंकर मारणार, तर म्हणाली, "फुंकू नका, थुंकी आत जाते." कुंकवाचा भुगा तिच्या मांडीवर पडत होता. तासभर लागला. तिचे हात बघत मी बसलो होतो. मेंढीच्या पायातला काटा काढताना माझे हात असेच चालतात.

झालं तेव्हा तिनं सेल घातले, कार्ड टक्कन बसवलं आणि सांगितलं की दिवा लागलेला असताना कार्ड ओढायचं नाही, नाहीतर भरलेलं फाटतं. उन्हात ठेवायचं नाही. बरेच दिवस वापरायचं नसेल तर सेल काढून ठेवायचे, आत पाझरतात. कानातल्या वायरीचा आवाज मोठा करायचा नाही. "हायेत तेवढे कान राहू द्या," म्हणाली. मग पहिल्यांदा जरा हसली. तोंडापासनं एक वीत लांब धरायचं. काचेवर पट्ट्या नाचतात, त्या शेवटाला टेकल्या की आवाज फाटतो, म्हणून हाक मारताना अजून लांब जायचं.

"आन् वारा?" मी विचारलं. "डोंगराला वारा लई हाय. गुरुवारी कानात नुसता वाराच."

ती म्हणाली, "माइकला स्पंजाची टोपी असते. आपल्याकडं न्हाई."

मी उठलो, आत गेलो, आणि पहिल्या कातरीची कोकराची लोकर आणली, धुतलेली, पिंजलेली, कापसाहून हलकी. जाळीवर ती सैल बसवून खाली दोरा बांधला. दाबली नाही. मग आम्ही दोघं दाराबाहेर वाऱ्याला उभे राहिलो आणि भरून बघितलं. वारा लांब गेला होता. कोकराचं ओरडणं स्वच्छ आलं.

"मामा," ती म्हणाली, "हे माझ्या अण्णांना पण सुचलं नसतं."

त्या वाक्याचे मी किती उपकार मानावे? मला कुणी शाळेत शाबास म्हणलं नव्हतं. शाळाच तिसरीत सुटली.

रविवारी दुपारी बायकोचा आवाज थोडा परत आला. कोरड्या पानासारखा, पण तिचाच. तिला डोंगराला न्यायचं नाही असं सुनेनं ठरवलं आणि मी ऐकलं. वाघरीत, म्हणजे मेंढरांच्या जाळीच्या कुंपणात, कळप बसला होता. बायकोला बाहेर खाटेवर बसवलं. सून म्हणाली, "मामा, तुमीच भरा." मी पट्टी खाली केली. एकदा दाबलं. दुसऱ्यांदा दाबलं. दिवा थिर. आकडे पळताहेत हे मोठ्यानं म्हणून दाखवलं.

तिनं हात कानाशी नेला आणि हाक मारली. लांब नाही गेली. पण शेवटाला वर चढली. जाळीतली साठच्या साठ मेंढरं उठून उभी राहिली. बसलेला कळप उठताना जो आवाज होतो, पाय आणि लोकर आणि घंट्या, तोही त्यात आलाय.

मी हातानं विचारलं, बास? ती म्हणाली, "चालू हाय का अजून?"

"हाय."

मग ती यंत्राकडं तोंड करून बोलायला लागली, थांबत थांबत, माझ्याकडं न बघता. "ऐकलं का. रक्तदाबाची गोळी सकाळी घ्यायची. घेतली म्हणून सांगायची न्हाई, घ्यायची. मिठाची बरणी वरच्या फळीवर हाय, खालची सोड्याची. तुमी दोनदा भाजीत सोडा घातलाय. थोरल्या मेंढीचा मागचा पाय बघत जा. अंगावर ओलं घोंगडं घेऊन बसू नका." दम घेतला. "आन् पोरी, तुला सांगती. माझं निरोप्याचं काम आता झालं. ह्यांच्याशी तूच बोलत जा. लई वाईट न्हाईत. ऐकत न्हाईत, पण वाईट न्हाईत."

सुनेनं पदर तोंडाला लावला. मी यंत्र बायकोच्या तोंडापासनं एक वीत लांब धरून उभा होतो. तिनं खूण केल्यावर थांबवलं.

लगेच ऐकून बघितलं. सगळं होतं. सोड्यासकट. तिनं ते ऐकलं आणि म्हणाली, "मी अशी बोलती व्हय?"

"पन्नास वर्षं," मी म्हणालो.

सुनेनं वायर लावून ते आपल्या मोबाईलमध्ये घेतलं, आणि दुसऱ्या एका कार्डावर. ते कार्ड स्टीलच्या डबीत, डबी पेटीत. एकाच जागी ठेवलेलं म्हणजे ठेवलेलं नव्हे, असं ती म्हणाली. थोरल्या भावाचं तिला कुणी सांगितलं होतं का, माहीत नाही.

बायको आज आहे. गळ्याला भोक आहे, त्यावर पातळ रुमाल बांधते, टाळ्या वाजवते, डोळे वटारते, आणि तिचं सगळं आम्हाला कळतं. हे लिहिणं मी त्याच यंत्रात आधी बोललो, सुनेनं कागदावर उतरवलं, आणि मी अक्षर लावत वाचून माझं माझं दुरुस्त केलं. जिथं तिनं माझं बोलणं गोड केलं होतं तिथं मी परत कडू केलं. डॉक्टरचे उपकार आहेत, दुकानदाराचे आहेत, त्या कोकराचेही आहेत. पण ह्या घरात बोलणं राहिलं ते माझ्या सुनेनं मला नळापाशी ओरडून थांबवलं म्हणून. हे मी तिच्या तोंडावर कधी म्हणालो नाही. आता तीच उतरवते आहे म्हणजे तिला कळेल.

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात जायला जीप दारात आली. मी गोळी घेतली. यंत्राची पट्टी वर सरकवून कुलूप लावलं, लोकरीची टोपी नीट केली, आणि चुलीपाशी गेलो. आयुष्यात मी कुठं जाताना चुलीपाशी जाऊन कुणाला सांगितलं नव्हतं.

"पोरी, आमी निघतो. हे तुझ्याकडं ठेव."

"मामा, दवाखान्यात लागलं तर?"

"तिथं ती स्वतः हाय. हितं ह्याच्याबिगर संध्याकाळी मेंढरं यायची न्हाईत."

तिनं पदराला हात पुसून ते घेतलं. मी पाण्याची बाटली भरली, बायकोला हात धरून जीपमध्ये चढवलं आणि दार लावून घेतलं.